गोर्लेबेन : 'गावाचा विरोध' म्हणजे नक्की कोणाचा विरोध?

शेवरी
जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याच्या पूर्व टोकाला, एल्बे नदीच्या काठी गोर्लेबेन नावाचे जेमतेम सहाशे वस्तीचे गाव आहे. २२ फेब्रुवारी १९७७ रोजी राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्ट यांनी तिथे अणुकचऱ्याचे राष्ट्रीय केंद्र उभारण्याचे जाहीर केले. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा (म्हणजे त्यातले पुन्हा वापरता येणारे द्रव्य वेगळे काढणारा) कारखाना, तात्पुरत्या साठवणीची इमारत आणि जमिनीखालच्या मिठाच्या घुमटात (खोलवरून वर फुगून आलेल्या मिठाच्या प्रचंड साठ्यात) कायमची साठवण असे सगळे एकाच ठिकाणी व्हायचे होते. यातला कारखाना कधीच झाला नाही. मिठाच्या घुमटात एकही पिंप गेले नाही, आणि २८ सप्टेंबर २०२० रोजी कायमस्वरूपी साठवणीच्या संभाव्य जागांच्या यादीतूनही गोर्लेबेन वगळले गेले. मधली त्रेचाळीस वर्षे तिथे आंदोलन चालू होते.

पर्यावरणाच्या चळवळींवरील लेखांत हे 'एका छोट्या गावाने सरकारला नमवल्याचे' उदाहरण म्हणून येते. मी गेले काही महिने याविषयी वाचते आहे आणि हे वर्णन मला दिवसेंदिवस कमी पटू लागले आहे. गोर्लेबेनची गावपरिषद या काळात बहुतांशी प्रकल्पाच्या बाजूने होती आणि प्रकल्पाच्या निमित्ताने येणारा पैसा तिने स्वीकारला. विरोध उभा राहिला तो आजूबाजूच्या ल्युखो-डानेनबर्ग जिल्ह्यात, म्हणजे वेंडलांट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात. मग ज्या गावाचे नाव या चळवळीला मिळाले, त्या गावाची या चळवळीतली भूमिका नेमकी काय होती? जाणकारांनी लिहावे.

निर्मळ
विषय चांगला आहे. वाचते आहे.

हॅम्बुर्गवासी
मी गेली अनेक वर्षे हॅम्बुर्गमध्ये राहतो आणि वेंडलांटमध्ये बऱ्याचदा जाणे होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी भूगोल लक्षात घ्यायला हवा. १९७७ मध्ये हा प्रदेश पश्चिम जर्मनीचा पूर्वेकडे घुसलेला एक कोपरा होता आणि त्याच्या तीन बाजूंना पूर्व जर्मनीची सीमा होती. उद्योग नाहीत, रेल्वे तुटलेली, तरुण मंडळी शहरात गेलेली, आणि लोकसंख्येची घनता पश्चिम जर्मनीत सर्वांत कमी. अशा ठिकाणी विरोध होणार नाही, उलट रोजगार मिळाला म्हणून लोक खूशच होतील, असा सरकारचा अंदाज होता. त्यात काही तथ्यही होते, आणि शेवरी यांनी गावपरिषदेबद्दल जे लिहिले आहे त्याचे मूळ इथेच आहे. ज्या गावाला दुसरे काहीही मिळण्याची शक्यता नव्हती, त्या गावाने समोर आलेले घेतले. त्यासाठी त्यांना नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही.

सरकारचा अंदाज चुकला तो जिल्ह्याबाबत. घोषणेच्या आधीच, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, त्याच भागात एल्बेकाठी अणुऊर्जा केंद्र उभारण्याचा विचार चालू होता आणि त्या निमित्ताने नागरिकांचा एक गट तयार झाला होता. मारियान फ्रित्सेन या त्याच्या प्रमुखांपैकी एक. पोलिसांच्या रांगेसमोर विणलेली टोपी घालून उभ्या असलेल्या या वयस्क बाईंचे छायाचित्र जर्मनीत फार प्रसिद्ध आहे. घोषणा झाली तेव्हा या मंडळींना शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. कोणाकडे बैठक घ्यायची, कोणता भूगर्भशास्त्रज्ञ फोन उचलतो, कोणता पाद्री सभागृह देतो, हे सगळे त्यांना आधीच ठाऊक होते.

पाटावरचा_विंचू
पाद्री सभागृह देतो हे महत्त्वाचे. आमच्याकडे समाजमंदिराची किल्ली नेहमी विरोधी गटाच्या माणसाकडे असते.

मीटरवाचक
धाग्याचा सूर एका बाजूला झुकण्याआधी दुसरी बाजू मांडतो. मी वीजक्षेत्रात काम केलेले आहे आणि मला या आंदोलनाचे कौतुक मर्यादित प्रमाणातच आहे.

अणुकचरा तयार झालेला आहे ही वस्तुस्थिती आहे. तो कुठेतरी ठेवावा लागणारच. गोर्लेबेनच्या घुमटात तो गेला नाही म्हणून तो नाहीसा झाला नाही. आज गोर्लेबेनच्याच जंगलात, जमिनीच्या वर, एका मोठ्या इमारतीत कॅस्टर प्रकारची (अणुकचरा नेण्या-ठेवण्यासाठीची जाड भिंतींची) ११३ पिंपे उभी आहेत. त्यांपैकी १०८ पिंपांत फ्रान्समधील ला हाग इथल्या पुनर्प्रक्रियेतून निघालेला, काचेत गोठवलेला अतिकिरणोत्सारी कचरा आहे, आणि उरलेल्या पाचांत वापरलेले इंधन आहे. एकेक पिंप शंभर टनांहून जड. साठवणुकीचा परवाना २०३४ मध्ये संपतो आणि कायमची जागा तोवर मिळणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे आंदोलन जिंकले असे म्हणताना नेमके काय जिंकले, हा प्रश्न विचारायला हवा. घुमटाच्या तपासणीसाठी खोदलेल्या खाणीवर दीड अब्ज युरोंहून अधिक खर्च झाला तो वेगळाच.

शेवरी
मीटरवाचक, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. मात्र जागेची निवड कशी झाली यावर तुमचे मत वाचायला आवडेल.

मीटरवाचक
निवड वाईट रीतीने झाली हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही. अनेक घुमटांची समान निकषांवर तुलना करून त्यातला उत्तम निवडला असे घडले नाही. आधी जागा ठरली आणि मग तिची तपासणी सुरू झाली. अशा क्रमाने काम केल्यावर तपासणीचा निष्कर्ष काहीही आला तरी कोणी विश्वास ठेवत नाही, आणि इथे तसेच झाले.

हॅम्बुर्गवासी
याला एक पुरवणी जोडतो, कारण भूगर्भाचा भाग बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकला जातो.

मिठाचा घुमट कचऱ्यासाठी चांगला का मानतात? मीठ कोरडे असते, उष्णता वाहून नेते आणि दाबाखाली हळूहळू सरकून भेगा स्वतःच बुजवते. पण घुमटाच्या डोक्यावर पाणी अडवणारे मातीचे अखंड आच्छादन असणेही तितकेच महत्त्वाचे असते. गोर्लेबेनच्या डोक्यावरचे हे आच्छादन हिमयुगात वितळलेल्या पाण्याने खरवडून काढले आहे, आणि तिथे वाळू आणि गोट्यांनी भरलेली एक खोल घळ थेट मिठापर्यंत उतरते. म्हणजे भूजल मिठाला स्पर्श करते. क्लाउस डुपहोर्न या भूशास्त्रज्ञाने सरकारसाठीच हा वरचा थर तपासला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जागेबद्दल स्पष्ट शंका मांडली. १९८३ मध्ये तज्ज्ञ संस्थेचा अहवाल तयार होत असताना, इतर जागाही तपासाव्यात ही शिफारस त्यातून गाळण्यासाठी मंत्रालयांकडून दबाव आल्याचे पुढे कागदपत्रांतून बाहेर आले. त्यावर २०१० ते २०१३ या काळात संसदेची चौकशी समितीही बसली होती.

२०२० मध्ये जागा वगळली गेली तेव्हा दिलेल्या कारणांत आच्छादनाचा हाच दोष होता. म्हणजे पहिल्या दहा वर्षांतच सांगितली गेलेली गोष्ट सरकारदरबारी मान्य व्हायला आणखी जवळपास चाळीस वर्षे लागली.

कौलारू
ट्रॅक्टरवाल्यांबद्दल कोणी लिहीत का नाही? मला तर गोर्लेबेन म्हटले की ट्रॅक्टरच आठवतात.

हॅम्बुर्गवासी
लिहायचेच होते. मार्च १९७९ च्या शेवटच्या आठवड्यात वेंडलांटचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राज्याची राजधानी हॅनोव्हरकडे निघाले. त्याच सुमारास हॅनोव्हरमध्ये राज्य सरकारने बोलावलेली तज्ज्ञांची सुनावणी चालू झाली होती, जिच्या अध्यक्षस्थानी पदार्थवैज्ञानिक आणि तत्त्वज्ञ कार्ल फ्रीडरिख फॉन वाइत्सेकर होते. मोर्चा वाटेत असताना, २८ मार्चला, अमेरिकेतील थ्री माइल आयलंड इथल्या अणुऊर्जा केंद्रात अपघात झाला. ३१ मार्चला मोर्चा हॅनोव्हरला पोहोचला तेव्हा सुमारे एक लाख माणसे जमली होती. मेच्या मध्यावर आल्ब्रेख्ट यांनी जाहीर केले की पुनर्प्रक्रियेचा कारखाना राजकीयदृष्ट्या रेटता येणार नाही. तांत्रिकदृष्ट्या तो शक्य आहे हे त्यांनी सोडले नाही, आणि घुमटाचे शोधकामही चालूच ठेवले.

शेतकऱ्यांचे महत्त्व संख्येपेक्षा त्यांच्या स्वभावात होते असे मला वाटते. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या उजव्या पक्षाला मत देणारी. शहरातून आलेल्या लांब केसांच्या विद्यार्थ्यांशी त्यांचे जमण्याचे काही कारण नव्हते. तरी जमले, कारण विद्यार्थी त्यांच्या गोठ्यात झोपत आणि सकाळी कामाला हात लावत. सरकारला 'बाहेरचे उपद्रवी' म्हणून हात झटकायची सोय त्यामुळे राहिली नाही.

तिरपागडा
आणि पासपोर्टचे सांगा की! ३ मे १९८० रोजी आंदोलकांनी घुमटाच्या शोधकामातील विंधन क्रमांक १००४ च्या जागेवर लाकडी झोपड्यांचे गाव वसवले आणि त्याला 'स्वतंत्र वेंडलांट प्रजासत्ताक' असे नाव दिले. मधोमध सभेसाठी मोठे गोल लाकडी घर, स्वतःचे रेडिओ केंद्र, आणि दहा मार्कांत (तेव्हाचे जर्मन चलन) शिक्का मारून मिळणारे पारपत्र. जगातील एकमेव देश जिथे व्हिसासाठी रांग नव्हती आणि फॉर्म तीन प्रतींत भरावा लागत नव्हता. एक महिन्याने, ४ जूनला, हजारो पोलिसांनी ते पाडले. तेव्हा तरुण समाजवाद्यांचे अध्यक्ष असलेले गेऱ्हार्ड श्रोडर तिथे भेट देऊन गेले होते. पुढे हेच गृहस्थ चॅन्सेलर झाले आणि त्यांच्याच कारकीर्दीत कॅस्टर पिंपे वाहणाऱ्या गाड्या गोर्लेबेनला गेल्या.

निर्मळ
तिरपागडा, हसून दमले. तरी श्रोडर यांच्याबाबत थोडा न्याय करायला हवा. त्यांच्याच सरकारने २००० मध्ये घुमटाचे शोधकाम थांबवले आणि अणुऊर्जेतून बाहेर पडण्याचा करार केला. मात्र फ्रान्सला पाठवलेला कचरा परत घेण्याचे बंधन होते. त्यामुळे २००१ मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ग्रीन पक्षाचेच पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन यांना आपल्या कार्यकर्त्यांना, आता आंदोलनाचे कारण उरलेले नाही, असे सांगावे लागले. वेंडलांटमधल्या लोकांनी ते अर्थातच ऐकले नाही. मारियान फ्रित्सेन त्या पक्षाच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी होत्या. करारानंतर त्यांनी पक्ष सोडला.

मला या सगळ्यात सर्वांत लक्षात राहिलेला प्रसंग मार्च २००१ मधला आहे. रोबिन वुड या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी आणि त्याच भागातील एका सोळा वर्षांच्या मुलीने ज्युशेनडोर्फजवळ रुळांखालच्या काँक्रीटमध्ये बसवलेल्या नळ्यांत आपले हात अडकवून घेतले. त्यांना इजा न करता सोडवायचे म्हणजे रूळ, खडी आणि काँक्रीट हळूहळू फोडून काढावे लागणार. कचऱ्याची गाडी मागे न्यावी लागली. यंत्रांनी काँक्रीट फोडत असताना धुळीपासून बचाव व्हावा म्हणून पोलिसांनीच त्यांची डोकी झाकली होती. विरोध आणि पोलीस यांच्यातला हा संबंध मला विचित्र वाटतो आणि काहीसा आश्वासकही.

मीटरवाचक
आश्वासक? रुळांशी असे खेळ केल्यावर एखाद्याचा जीव जाऊ शकतो. ७ नोव्हेंबर २००४ रोजी फ्रान्सच्या लोरेनमधील आव्रिकूर इथे गोर्लेबेनकडे निघालेल्या गाडीखाली सेबास्तियाँ ब्रिया हा बावीस-तेवीस वर्षांचा फ्रेंच आंदोलक सापडला आणि गेला.

निर्मळ
ते मी विसरलेले नाही. वेंडलांटमध्येही ते कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी बातमी आल्यावर अनेक ठिकाणची अडवणूक थांबवून लोकांनी शोकसभा घेतल्या. माझे म्हणणे हात न उगारण्याच्या पद्धतीबद्दल होते, रुळांवर बसण्याची शिफारस म्हणून नव्हे.

जुना_भिडू
सर्वांचे प्रतिसाद वाचले. जमिनीच्या मालकीचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही, आणि मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर माझ्या मते त्यात आहे.

प्रकल्पाच्या जागेत मोठा वाटा गार्टोच्या बेर्नस्टोर्फ या सरदार घराण्याच्या जंगलाचा होता. आंद्रेआस ग्राफ फॉन बेर्नस्टोर्फ यांना प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीने कोट्यवधी मार्कांची किंमत देऊ केली. इतर अनेकांनी जमिनी विकल्या, यांनी विकली नाही. ते काही क्रांतिकारक नव्हते. मुख्यमंत्र्यांच्याच पक्षाचे, चर्चला जाणारे, वडिलोपार्जित जंगल सांभाळणारे जमीनदार होते. त्यात भर म्हणजे जुन्या हॅनोव्हर प्रांताच्या कायद्यानुसार तिथे जमिनीखालच्या मिठाचा हक्कही जमीनमालकाकडे असतो, तो आपोआप राज्याचा होत नाही. त्यामुळे सुमारे ८४० मीटर खोलीवर बोगदे काढताना खाण कंपनीला बेर्नस्टोर्फ आणि चर्च यांच्या हक्कांचा भाग टाळून घुमटाच्या एका बाजूलाच शोधकाम करावे लागले. संपूर्ण घुमट कधीच तपासला गेला नाही.

म्हणजे गावपरिषदेचा ठराव बाजूने, पण एका माणसाचा सातबारा विरोधात. ठराव बहुमताने होतात, आणि बहुमत दर निवडणुकीत पुन्हा मिळवावे लागते. सातबाऱ्याला निवडणूक नसते. चळवळीच्या गौरवगाथांत हे मागे पडते, कारण जनतेच्या लढ्यात एका सरदाराने निर्णायक काम केले हे सांगायला अवघड जाते.

शेवरी
जुना भिडू, मनापासून आभार. हाच मुद्दा मी शोधत होते. यावरून आणखी एक आठवते. राइन नदीकाठच्या वील गावात जानेवारी १९७५ मध्ये अणुऊर्जा केंद्रासाठी गावाची जमीन विकावी की नाही यावर मतदान झाले, तेव्हा ५५ टक्के मते विकण्याच्या बाजूने पडली होती. आणि आज वील हे नाव जर्मनीत पहिल्या यशस्वी अणुविरोधी आंदोलनाचे म्हणून घेतले जाते. पुढच्याच महिन्यात जागा ताब्यात घेणारे लोक मुख्यतः शेजारच्या गावांतले द्राक्षबागायतदार होते, आणि नदीपलीकडच्या फ्रान्समधील अल्सासचेही. जमीन विकून पैसा वीलला मिळणार होता. केंद्राच्या शीतन-मनोऱ्यांच्या वाफेने धुके वाढून द्राक्षे बिघडतील ही भीती मात्र सगळ्या परिसराला होती.

पाटावरचा_विंचू
आणि जो कारखाना गोर्लेबेनला झाला नाही तो बव्हेरियातल्या वाकर्सडोर्फला नेला, तिथे १९८९ मध्ये तोही सोडून द्यावा लागला. तिथले जिल्हाप्रमुख हान्स शुइरर सहीच करेनात, म्हणून राज्याने त्यांच्या डोक्यावरून परवानगी देता यावी असा खास कायदा केला. अशी न केलेली सही आमच्याकडे एक तरी दाखवा, मी पेढे वाटतो.

राजापूरची_गंगा
ला हागचे नाव वाचून लिहावेसे वाटले. गोर्लेबेनला येणारा कचरा ज्या ला हागहून येत असे, तो कारखाना चालवणारी अरेवा हीच फ्रेंच कंपनी आमच्या माडबन परिसरात जैतापूर प्रकल्पासाठी सहा अणुभट्ट्या देणार होती. एकूण ९,९०० मेगावॉट. पुढे त्या कंपनीची पुनर्रचना होऊन अणुभट्ट्यांचे काम ईडीएफ या फ्रेंच वीजकंपनीकडे गेले, तो भाग वेगळा.

शेवरींनी वीलबद्दल जे लिहिले ते आमच्याकडे तंतोतंत लागू आहे असे मी म्हणणार नाही, पण सारखेपणा आहे. सुरुवातीला माडबन आणि आसपासच्या गावांतील बहुतेक खातेदारांनी धनादेश घेण्यास नकार दिला होता. मोबदला वाढल्यावर त्यांतील बहुसंख्यांनी तो घेतला आणि 'आंदोलन संपले' अशा बातम्या आल्या. पण साखरी नाटे इथल्या मच्छीमारांची जमीनच जाणार नव्हती. त्यांची भीती समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची होती आणि त्यासाठी कोणता धनादेश कोणाच्या नावे काढायचा हे कोणालाच सांगता येत नव्हते. एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात माणूस गेला तो याच वस्तीतला. त्यामुळे 'प्रकल्पग्रस्त गाव' ही सरकारी यादी आणि प्रत्यक्ष ज्यांच्या पोटावर गदा येणार ती माणसे, यांची बेरीज कधी जुळतच नाही. मला वाटते शेवरींच्या प्रश्नाचे उरलेले निम्मे उत्तर इथे आहे.

मीटरवाचक
गरम पाण्याच्या परिणामाचा अभ्यास करता येतो आणि त्यावर मर्यादा घालता येतात. पण मोबदल्याच्या पद्धतीबद्दल तुमचे म्हणणे मान्य. जमीन मोजता येते म्हणून फक्त जमिनीचाच मोबदला द्यायचा, ही आपल्या कायद्याची जुनी खोड आहे. जर्मनीतही गावाच्या हद्दीवरूनच पैसा ठरला.

कौलारू
आता तिथे काय चालू आहे? सगळे घरी गेले का?

हॅम्बुर्गवासी
शेवटची कॅस्टर गाडी नोव्हेंबर २०११ मध्ये आली आणि तिला सव्वाशे तास लागले. २०१३ च्या कायद्याने गोर्लेबेनला आणखी पिंपे पाठवणे थांबवले. ला हाग आणि इंग्लंडमधील सेलाफील्ड इथून उरलेला कचरा त्यानंतर बिब्लिस, फिलिप्सबुर्ग अशा जुन्या वीजकेंद्रांच्या आवारात पाठवण्याचे ठरले. शोधखाण बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला, आणि उकरून बाहेर ढीग करून ठेवलेले मीठ परत खाली भरण्याचे काम सुरू झाले आहे.

खाणीजवळच्या जंगलात साधे लाकडी क्रूस उभे आहेत. तिथे १९८९ पासून दर रविवारी दुपारी दोन वाजता प्रार्थना होते. मी गेलो होतो तेव्हा पाऊस होता आणि पंधरा-वीस माणसे छत्र्या घेऊन आली होती, बहुतेक सत्तरीपुढची. प्रार्थनेपेक्षा अधिक वेळ साठवणुकीच्या इमारतीच्या भिंतींची जाडी पुरेशी आहे का, यावर चर्चेत गेला. तिथल्या एका आजोबांना मी गावपरिषदेबद्दल विचारले. ते म्हणाले, गोर्लेबेनमध्ये त्यांचे चुलतभाऊ राहतात, चाळीस वर्षे दोन्ही घरे एकमेकांच्या लग्नांना गेली, पण जेवणाच्या टेबलावर या विषयाला बंदी होती.

शेवरी
हॅम्बुर्गवासी, या प्रतिसादाने माझ्या प्रश्नाला बरेच उत्तर मिळाले. गावाने नाव दिले आणि जागा दिली. विरोधाचा भार जिल्ह्याने, काही जमीनमालकांनी आणि बाहेरून येणाऱ्यांनी उचलला, असे मी आता मांडेन. एक शंका मात्र राहते. परवाना २०३४ ला संपणार आहे आणि पिंपे हलवायला दुसरी जागा नाही. इतकी वर्षे 'इथे आणू नका' म्हणणाऱ्यांनी आता काय मागायचे? 'इथून न्या' म्हटले तर ती पुन्हा कोणाच्या तरी गावातून जाणार.

मीटरवाचक
आत्ता कुठे आपण एका पानावर आलो. माझ्या मते त्यांनी इमारत मजबूत करण्याची मागणी करावी, आणि पिंपे तिथेच राहू द्यावीत.

हॅम्बुर्गवासी
नागरिकांच्या त्या जुन्या गटातही यावर चर्चा चालूच असते, आणि पिंपे उद्याच हलवा असे म्हणणारा तिथे मला कोणी भेटला नाही. परवाना वाढवताना लोकांना हरकती मांडता याव्यात आणि सुरक्षिततेची तपासणी आजच्या निकषांवर नव्याने व्हावी, असा सूर ऐकला. मीटरवाचक, तुम्ही त्या बैठकीला आलात तर तुमचे जमेल.

तिरपागडा
आधी पारपत्र काढून घ्या. दहा मार्क जवळ ठेवा, युरो चालणार नाहीत.